डायरेक्ट करू नका : गाडीचा एसी आणि त्याचा प्रेशर सेन्सर

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



या मंडळात मी लहानपणापासून येतोय. आरतीला झांजा वाजवल्या, सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या मांडल्या. भाषण मात्र आज पहिल्यांदाच. कार्यवाह म्हणाले, "तुम्ही मेकॅनिकल डिप्लोमावाले, खात्यात गाड्यांचंच काम बघता, तर गाडीवर काहीतरी बोला. अर्ध्या तासात आटपा, नंतर मसालेभात आहे." मसालेभाताच्या आड येण्याची माझी इच्छा नाही, म्हणून विषय अगदी छोटा घेतलाय. आकारानेही छोटा. अंगठ्याएवढा.

गाडीच्या एसीच्या नळीवर अंगठ्याएवढा एक भाग बसवलेला असतो. जुन्या गाड्यांत त्याला प्रेशर स्विच म्हणतात, नव्या गाड्यांत प्रेशर सेन्सर. त्याचं काम साधं आहे. नळीतल्या गॅसचा दाब बघत राहायचं आणि तो फार कमी किंवा फार जास्त झाला की एसी थांबवायचा. तो एसी थांबवतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. मीही ठेवली होती, आणि त्याची किंमत मोजली. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचं यंत्रशास्त्र कोरडं वाटणार नाही.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. माणिकनगरला जाऊन यायचं, असं वडिलांनी बरेच दिवस मनात धरलं होतं. आपल्यापैकी बऱ्याच घरांचं माणिकप्रभूंच्या दर्शनाला तिथे जाणं-येणं आहे. रस्ता सरळ आहे. संगारेड्डी, झहीराबाद, हुमनाबाद, की आलंच. दीडशे-एकशे साठ किलोमीटर. वडिलांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू. गाडी माझी दहा वर्षांची, लहानच. जायच्या आठ-दहा दिवस आधी तिचा एसी लागेनासा झाला. बटण दाबलं की हवा यायची, पण गरम. एसी लागताना बॉनेटखालून 'टक्' असा जो आवाज येतो, तो येत नव्हता.

ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. उन्हाळ्याचे दिवस, त्याच्याकडे गाड्यांची रांग. त्याने टेस्ट लॅम्प लावून बघितलं. करंट प्रेशर स्विचपर्यंत येत होता, पुढे जात नव्हता. म्हणाला, "साब, स्विच का लफडा है. नवा आनेकू दो दिन लगते. डायरेक्ट कर देतौं." त्याने स्विचचा प्लग ओढून काढला आणि प्लगच्या दोन टोकांत तारेचा तुकडा अडकवला. लगेच 'टक्' आवाज आला. मग त्याने थोडा गॅस मारला, आणि दहा मिनिटांत गार हवा सुरू.

खरं सांगायचं तर मी तिथेच त्याला थांबवायला हवं होतं. डिप्लोमाला आम्हाला रेफ्रिजरेशन हा विषय होता. हा स्विच कशासाठी असतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं, गार हवा तोंडावर येत होती, आणि माणिकनगरची तारीख ठरली होती. मी पैसे दिले आणि घरी आलो.

ठरलेल्या दिवशी पहाटे निघायचं होतं. निघता निघता दहा वाजले, आपल्याकडे वाजतात तसे. संगारेड्डीपर्यंत सगळं छान. झहीराबादच्या अलीकडे वडील म्हणाले, "हवा गार लागत नाही रे." मी पंखा वाढवला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "ऊन जास्त आहे बाबा." झहीराबाद मागे टाकून कर्नाटकाच्या हद्दीत शिरलो आणि बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज आला. मग जळक्या रबराचा वास, मग 'फट्', आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. पाठोपाठ इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. गाडी कडेला घेतली.

काय झालं होतं? एसीचा कॉम्प्रेसर आतून जाम झाला होता. त्याला फिरवणारा पट्टा घासून घासून तुटला. माझ्या गाडीत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर चालतात. म्हणजे नुसता एसी गेला नव्हता, गाडीच गेली होती. दुपारचा एक वाजला होता. रस्त्याच्या कडेला एक चिंचेचं झाड, त्याखाली मी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील. पुढचं शेवटी सांगतो. आधी हे का झालं ते बघू.

एसी म्हणजे थंडी तयार करणारं यंत्र, असं आपण म्हणतो. तसं ते नाही. एसी आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, हमालासारखा. उचलतो कशी? माठात पाणी गार का होतं, हे आपल्याला माहीत आहे. माठाबाहेर पाझरलेलं पाणी वाफ होताना माठाची उष्णता घेऊन जातं. एसीतही तेच होतं. फक्त पाण्याऐवजी असा पदार्थ घेतला आहे, जो फार कमी तापमानाला उकळतो. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो.

आता कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरचं झाकण लावलं, दाब वाढला, की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. म्हणजे दाब वाढवला की उकळण्याचं तापमान वाढतं आणि दाब कमी केला की ते उतरतं. संपूर्ण एसी या एका नियमावर चालतो.

डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते, तिथे गॅसचा दाब सुमारे दोन-अडीच बार ठेवतात. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पाउंड. आपण टायरमध्ये बत्तीस-तेहतीस पाउंड हवा भरतो, ती सव्वादोन बार झाली. म्हणजे कूलिंग कॉइलमध्ये टायरइतकाच दाब. तेवढ्या दाबाला हा गॅस शून्य ते पाच अंशांना उकळतो आणि उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि पुढे, रेडिएटरसमोरच्या कंडेन्सरच्या जाळीत पाठवतो. तिथे त्याला पुन्हा द्रव व्हायचं असतं, म्हणजे घेतलेली उष्णता बाहेरच्या हवेला द्यायची असते.

इथे खरी अडचण आहे. उष्णता गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. बाहेर ४२ अंश असतील तर गॅस त्याहून बराच गरम हवा, साठ अंशांच्या आसपास. या गॅसला साठ अंशांना द्रव व्हायचं तर दाब जवळजवळ सोळा बार लागतो. टायरच्या सातपट. घरातल्या कुकरचा दाब एका बारच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या बॉनेटखाली सोळा कुकरांचा दाब रबरी नळ्यांतून आणि ॲल्युमिनियमच्या जाळीतून फिरतोय. आपल्या हैदराबादेत २ जून १९६६ ला ४५.५ अंशांची नोंद झाली होती. अशा दिवशी हा दाब आणखी वर जातो. बाहेरचं ऊन आणि आतला दाब यांचा असा थेट संबंध आहे.

आता सिग्नलवर उभे राहा. पुढे बस, तिचा धूर, खालून डांबराची धग. गाडी चालत नाही म्हणून समोरून वारा नाही. जाळीवर वारा मारायचं काम आता फक्त पंख्याचं. तो पंखा बंद असेल, किंवा जाळीत वर्षानुवर्षांची धूळ, पानं आणि किडे अडकलेले असतील, तर उष्णता बाहेर जाणार कुठे? गॅस द्रव होत नाही, कॉम्प्रेसर मागून ढकलतच राहतो, दाब वीस बार, पंचवीस बार असा चढत जातो. साधारण तीसच्या आसपास आपला अंगठ्याएवढा पहारेकरी कॉम्प्रेसरचा करंट तोडतो. 'टक्', एसी बंद. सिग्नल सुटला, वारा लागला, दाब चार-सहा बार उतरला, की तोच पुन्हा करंट सुरू करतो.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला हेच विचारलं होतं. हायवेवर एसी मस्त चालतो, लकडी का पूलच्या सिग्नलला बंद पडतो, गॅस भरून घेऊ का? काका, उत्तर मिळालं का? गॅस भरू नका. गॅस आधीच पुरेसा असेल आणि वर आणखी भरलात तर दाब अजून वाढेल, एसी अजून लवकर बंद पडेल. पंखा फिरतो का ते बघा, आणि जाळी धुऊन घ्या. सेन्सरने तुम्हाला फुकटात निदान करून दिलं आहे.

घरी कुकर लावला की आई बाहेरच्या खोलीत असली तरी तिचा कान स्वयंपाकघरात असतो. तिसरी शिट्टी झाली की ती तिथूनच सांगते, "गॅस बंद कर गं." सेन्सरचं काम त्या आईचं आहे. शिट्टी वाफ बाहेर सोडते, सेन्सर काहीही बाहेर सोडत नाही. तो दाब ओळखतो आणि शेगडी बंद करायला लावतो. कुकरला जसा शेवटचा उपाय म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तसा एसीतही असतो. जुन्या गाड्यांत ड्रायरवर वितळणारी एक गुंडी असायची, आता कॉम्प्रेसरवर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. पण सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की कुकरातलं वरण छताला, तसा इथला उडाला की गॅस हवेत. ती वेळ येऊ नये म्हणून आईने आधी हाक मारायची.

ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा, जी मी तारेचा तुकडा घालून काढून टाकली होती, ती जास्त फसवी आहे.

कॉम्प्रेसरला वंगण लागतं. पण इंजिनात जसं खाली तेलाचं भांडं असतं, तशी गाडीच्या एसीत सोय नसते. तेल गॅसमध्येच मिसळलेलं असतं आणि गॅसबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरून कॉम्प्रेसरकडे परत येतं. गॅस हेच त्या तेलाचं वाहन. गॅस गळून गेला की तेल वाटेत कुठेतरी पडून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. शिवाय परत येणारा गार गॅस कॉम्प्रेसरलाही गार ठेवत असतो, तेही थांबतं. धातूवर धातू घासतो. म्हणून दाब दोन बारच्या खाली गेला की स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही.

आता त्यातली फसवी गोष्ट. घरचा सिलेंडर घ्या. भरलेला असो की पाव उरलेला, ज्योत तशीच दिसते. संपायला आला की मग एकाएकी बारीक होते. कारण आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच राहतो, तो तापमानावर ठरतो. एसीचंही तसंच आहे. गाडी बंद असताना ३५ अंशांना आतला दाब आठ बारच्या जवळ असतो, गॅस पूर्ण असो की अर्धा. म्हणजे खालच्या मर्यादेचा स्विच जेव्हा बोलतो, तेव्हा गॅस जवळजवळ संपलेला असतो. तो लवकर बोलत नाही. बोलला, तर आधीच उशीर झालाय असं समजायचं.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. एका जोडावरची रबरी ओ-रिंग वाळून कडक झाली होती, तिथून गॅस गळून गेला होता. स्विचने सांगितलं, गॅस नाही, मी कॉम्प्रेसर चालू करणार नाही. गॅरेजवाल्याला वाटलं, स्विचच खराब आहे. त्याने तार घातली आणि वरून गॅस मारला. गळती तशीच राहिली. आठ-दहा दिवसांत तो गॅसही गेला. हायवेवर आम्ही निघालो तेव्हा उरलासुरला गॅस वाटेत संपला, आणि आता थांबवायला कोणी नव्हतं. कूलिंग कॉइल जास्त गार झाली तर एसी थांबवणारा थर्मोस्टॅट असतो, पण गारवाच नाही तर तो कशाला थांबवेल? वडील दोनदा म्हणाले, हवा गार नाही. स्विच असता तर त्यानेही तेच ऐकलं असतं आणि एसी बंद केला असता. मी फक्त पंखा वाढवला.

नंतर दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने तो कॉम्प्रेसर उघडून दाखवला. आतलं तेल काळं झालेलं आणि त्यात धातूचा चंदेरी कीस. तो कीस पुढे कंडेन्सरपर्यंत गेलेला. कंडेन्सरच्या बारीक नळ्यांतून तो धुऊन निघत नाही, म्हणून कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असं सगळंच बदलावं लागलं. पन्नास हजारांच्या वर गेले. वाळलेली ओ-रिंग वीस-तीस रुपयांची होती. माझ्या मंडळींनी तो हिशेब वहीत लिहून ठेवलाय आणि मी काही मोठं घ्यायचं म्हटलं की ते पान उघडतात.

तरुण मंडळी समोर आहेत, म्हणून नव्या सेन्सरबद्दल थोडं. जुना स्विच दोनच गोष्टी सांगायचा, चालू किंवा बंद. पुढे त्यात मधली एक पायरी आली. दाब पंधरा-अठरा बारच्या आसपास गेला की आधी पंखा जोरात फिरवायचा. आता बऱ्याच गाड्यांत तीन तारांचा सेन्सर असतो. आत एक पातळ पडदा असतो, दाबाने तो केसभर वाकतो, त्याचं विजेच्या भाषेत रूपांतर होतं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला क्षणोक्षणी दाब कळतो. त्यावरून कॉम्प्युटर पंख्याचा वेग ठरवतो आणि इंजिनावर एसीचा किती भार आहे हे ओळखून इंजिन मंद फिरत असतानाही बंद पडू देत नाही.

यात मला एक गोष्ट फार आवडते. या सेन्सरला पाच व्होल्ट देतात, पण त्याचं उत्तर साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंतच असतं. शून्यापासून का नाही? कारण दाब शून्य असला तरी सेन्सर अर्धा व्होल्ट देतो, म्हणजे 'मी जिवंत आहे, दाब नाही' असं सांगतो. पण तार तुटली, तर उत्तर त्या मर्यादेच्या बाहेर जातं. मग कॉम्प्युटरला कळतं की पहारेकरीच जागेवर नाही, आणि तो कॉम्प्रेसर बंद ठेवतो. जुन्या स्विचमध्येही तार तुटली की करंट तुटतो आणि एसी बंदच राहतो. म्हणजे बनवणाऱ्याने ठरवून ठेवलंय, शंका आली तर थांबायचं. आपण काय करतो? शंका आली की तार घालतो.

कोणी म्हणेल, एवढं काय, एसी म्हणजे चैनच ना? आपले आजोबा वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून उन्हाळे काढत होते. खरं आहे. पण त्यांची खोली बंद काचेची नव्हती. उन्हात उभी असलेली गाडी भट्टी होते. शरीराचं तापमान चाळीसच्या वर गेलं की उष्माघात, आणि म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. आपल्याच शहरात २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲपवरच्या टॅक्सीचालकांनी मिळणाऱ्या दरात एसी परवडत नाही म्हणून एसी न लावण्याची मोहीम केली होती. दिवसभर त्याच गाडीत बसणारा माणूसही तेव्हा उकडतच होता. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना चालकाच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक केलाय. सरकारही आता त्याला चैन म्हणत नाही. मग ज्या यंत्रावर माणसाची तब्येत अवलंबून आहे, त्याच्या पहारेकऱ्याला आपण असं वागवावं का?

दुसरी बाजू हवेची. पूर्वीच्या गाड्यांत आर-१२ होता. त्याने ओझोनच्या थराला इजा होते म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. आत्ताचा आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ताकदीचा आहे. लहान गाडीत तो चारशे ग्रॅमच्या आसपास असतो. तो गळून गेला तर अर्धा टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. म्हणून २०१६ च्या किगाली करारात तोही कमी करत न्यायचं ठरलं आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणं म्हणजे दर उन्हाळ्यात उन्हाळा थोडा वाढवणं.

आता घरी गेल्यावर काय करायचं, तेवढं सांगतो.

एसी लागत नसेल किंवा मधेच बंद होत असेल तर कधी बंद होतो ते लक्षात ठेवा. उभ्या गाडीत बंद होतो आणि चालत्या गाडीत चालतो, तर पंखा आणि जाळी बघायची. अजिबात लागतच नाही, तर गॅस गळाला असेल. ही दोन वाक्यं मिस्त्रीला सांगितली की त्याचं अर्धं काम होतं.

गॅस भरण्याआधी त्याला विचारा, "गेलेला गॅस कुठून गेला?" एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. फार कमी झाला असेल तर गळती शोधायलाच हवी. जोडांवर तेलकट धुळीचा डाग दिसला तर बहुधा तिथेच गळती असते. आणि गॅस वजन करून भरायला सांगा. किती ग्रॅम भरायचा, हे बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

उन्हाळ्याआधी कंडेन्सरची जाळी धुऊन घ्या, पण पाण्याचा जोर कमी ठेवा, नाहीतर जाळीची पाती वाकतात. थंडीच्या दिवसांतही आठवड्यातून पाच-दहा मिनिटं एसी लावा, म्हणजे तेल फिरतं आणि रबरी सील वाळत नाहीत. गाडीखाली थेंब थेंब पाणी दिसलं तर घाबरू नका, ते गार पाण्याच्या पेल्याबाहेर जमणाऱ्या थेंबांसारखं आहे. उलट ते दिसलं म्हणजे एसी नीट चालतोय.

आणि कोणी म्हणालं, "डायरेक्ट कर देतौं," तर हात जोडून म्हणा, "नक्को भाई." स्विच खरंच खराब असेल तर नवा बसवा. बऱ्याच गाड्यांत तो अशा जोडावर बसवलेला असतो की सगळा गॅस न काढताही बदलता येतो. दोन दिवस लागले तर दोन दिवस काचा उघड्या ठेवून हिंडा.

आता त्या चिंचेच्या झाडाखाली परत येतो. वडिलांनी पाणी प्यायलं, पण थोड्या वेळाने त्यांचं बोलणं मंद झालं, चेहरा लाल झाला. मी हात करत होतो, गाड्या सुसाट जात होत्या. शेवटी एक भाजीचा टेम्पो थांबला. चालक बीदरकडचा, आपल्याच भागातली कानडी वळणाची मराठी बोलणारा. त्याने वडिलांना पुढे बसवलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला आणि हुमनाबादला दवाखान्यात सोडलं. पैसे घेतले नाहीत. दवाखान्यात सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत वडील उठून बसले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून एवढंच सांगितलं की आणखी तासभर उशीर व्हायला नको होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने माणिकनगरला गेलो. दर्शन झालं. परत येताना वडिलांनी विचारलं, "नेमकं काय बिघडलं होतं?" मी त्यांना आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. स्विच, तार, तेल, सगळं. वडील आयुष्यभर शाळेत शिकवत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बिघडलंय हे ज्याने सांगितलं, त्याचंच तोंड तू बांधलंस."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यानंतर मी एक नियम पाळतो. गाडी असो, घर असो की कार्यालय, कुठेही काही अडलं की पहिला प्रश्न विचारतो, हे का अडवतंय? मार्ग काढायचा तो त्यानंतर. वडील आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारून घ्या, पंखा वाढवायच्या आधी मी आता गाडी कडेला घेतो की नाही.

मसालेभाताचा वास यायला लागला आहे. इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!